अंधारं घर उजळायचं तर बल्ब सगळ्यात शेवटी आणा

कोल्हापूरच्या पेठांतली जुनी घरं अंगानं अरुंद आणि लांबीला भरपूर. रुंदी बारा-चौदा फूट, लांबी त्याच्या तिप्पट, दोन्ही बाजूच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक. उजेड येणार तो पुढच्या बोळातून, नाहीतर मागच्या परड्यातून. पुढं परड्यावर पत्रा चढतो, समोरचा घरमालक तिसरा मजला चढवतो आणि मधलं माजघर भर दुपारी बाराला बटण दाबल्याशिवाय दिसेनासं होतं. राजारामपुरी-शाहूपुरीतल्या जुन्या इमारतींत डक्टकडे, म्हणजे इमारतीच्या आतल्या अरुंद उभ्या पोकळीकडे, तोंड करून असलेल्या तळमजल्याच्या खोल्यांची गतही तीच.

अशा घरात पहिला उपाय ठरलेला असतो. वायरमन येतो, वर बघतो आणि म्हणतो, "आज्जी, पन्नासचा मोठा बल्ब टाकतो बघा, लख्ख पडतंय." पडतंही. पण डोळ्यांवर येतं, कोपरे काळेच राहतात, आणि ओट्यापाशी उभं राहिलं की स्वतःचीच सावली विळीवर. वायरमनची त्यात चूक नाही, त्याला बल्बचंच विचारलेलं असतं. घरात उजेड कमी का आहे, हे कुणी विचारलेलंच नसतं. तेव्हा क्रम उलटा धरायचा: आधी आभाळ कुठून दिसतं ते बघायचं, मग वाटेतला अडथळा काढायचा, मग आलेला उजेड गिळणारे पृष्ठभाग बदलायचे, जमलं तर छतातून उजेड घ्यायचा, आणि राहिलेल्या जागेसाठी दिवे.

खडूची रेघ

डोळ्यांवर विसंबू नका. अंधाराला ते पाच-दहा मिनिटांत सरावतात आणि "तसं काय वाईट नाही" म्हणायला लागतात. बाहेर लख्ख उन्हात १,००,००० लक्सच्या आसपास उजेड असतो, ढगाळ दिवशी १०,०००च्या घरात, आणि माजघरात बऱ्याचदा पन्नासही भरत नाही. लक्स म्हणजे एका चौरस मीटरवर पडणारा उजेड. मोबाइलवर तो मोजायची फुकट अ‍ॅप्स आहेत. त्यांचा आकडा तंतोतंत नसतो, पण एकाच फोननं दोन जागा ताडून बघायला पुरतो.

त्याहून खात्रीचं काम खडू करतो. सकाळी अकराच्या सुमाराला सगळे दिवे बंद करा. खिडकीकडे तोंड करून बसा आणि डोळे टेबलाच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून साधारण अडीच फुटांवर आणा. खिडकीतून आभाळाचा तुकडा दिसतो का? समोरची भिंत नव्हे, गॅलरीतली धुणी नव्हेत, आभाळ. दिसत असेल तर थोडं मागं सरका. आणखी मागं. आभाळ जिथं दिसेनासं होतं तिथं फरशीवर खडूनं रेघ ओढा. रेघेच्या अलीकडे, म्हणजे खिडकीच्या बाजूला, सरळ आभाळाचा उजेड पोचतो. पलीकडे फक्त भिंतींवरून आपटून आलेला उरलासुरला.

ही रेघ किती अलीकडे पडते ते बघून माणसं दचकतात. समजा बोळ १० फूट रुंद आहे, समोरची इमारत ३० फूट उंच आहे आणि तुमच्या खिडकीचा माथा जमिनीपासून ७ फुटांवर आहे. तर टेबलाच्या उंचीवरून आभाळ दिसतं ते खिडकीपासून जेमतेम २ फुटांपर्यंत. त्याच खिडकीचा माथा ९ फुटांवर असता, तर ३ फुटांपर्यंत. समोर दोनमजली, २० फुटांचंच घर असतं, तर साडेतीन फुटांपर्यंत. खिडकी रुंद केल्यानं ही रेघ हलत नाही, माथा उंच केल्यानं हलते. म्हणून जुन्या घरांत खिडकीवर वेगळी झडप असायची. बऱ्याच घरांत आज तिथं पुठ्ठा ठोकलेला असतो किंवा कूलरचं खोकं ठेवलेलं असतं. ते आधी काढा.

वाटेतल्या अडथळ्याचं महत्त्व कोल्हापूरकराला शिकवायला नको. अंबाबाईच्या किरणोत्सवात ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी या दिवसांत मावळतीची किरणं महाद्वारातून थेट गाभाऱ्यात येतात. ती पायांपर्यंतच पोचली की मुखापर्यंत गेली, यावर गावभर चर्चा होते, आणि वाटेत कुठली इमारत, कुठला फलक, कुठली टाकी आडवी आली याचीही. आपल्या खिडकीसमोर मात्र आपणच टाकी ठेवतो.

रेघ ओढून झाली की सामान हलवा. मुलाचं अभ्यासाचं टेबल, आजोबांची पेपर वाचायची खुर्ची, शिलाई मशीन, तांदूळ निवडायची जागा हे सगळं रेघेच्या अलीकडे. कपाट, पलंग, टीव्ही, गाद्यांची चळत पलीकडे. बहुतेक घरांत नेमकं उलटं असतं: खिडकीला लागून लोखंडी कपाट आणि अभ्यासाचं टेबल आतल्या कोपऱ्यात. यात पैसा लागत नाही, दोन माणसं आणि अर्धा तास लागतो.

आडवं काय येतं

खिडकी स्वच्छ असली तरी साधी काच दहा टक्क्यांच्या आसपास उजेड खाते. वर्षभराची धूळ आणि ओट्यामागच्या खिडकीवरचा फोडणीचा चिकट थर आणखी बराच खातात. तावदानं दोन्ही बाजूंनी पुसायची, बाहेरच्या बाजूनंही. गजांतून हात जात नसेल तर काठीला फडकं बांधून. तपकिरी किंवा काळ्या छटेची काच बसवली असेल, तर निम्मा उजेड तिथंच संपतो. अंधाऱ्या घरात अशी काच कशासाठी, हे मला कळलेलं नाही.

बोळातून जाणाऱ्यायेणाऱ्यांना आतलं दिसू नये, ही अडचण मात्र खरी आहे. त्यावर उपाय जुनाच: स्प्रिंगवरचा अर्धा पडदा, फक्त खालच्या अर्ध्या भागाला. आड हवी ती खालच्या भागात, आणि आभाळ दिसतं ते वरच्या. म्हणून वरचा भाग नेहमी मोकळा आणि साध्या काचेचा. दुधी काच बसवायचीच असेल, तर तीही खालीच.

डासांची जाळी काढा असं कोल्हापुरात कुणी सांगणार नाही, आणि सांगूही नये. पण जाळी चांगलाच उजेड अडवते, आणि धुळीनं भरली की ती गोणपाटासारखीच होते. सरकती किंवा वेल्क्रोची जाळी बसवली तर दिवसा बाजूला करता येते. ठोकलेलीच असेल तर महिन्यातून एकदा ब्रशनं साबणपाणी.

खिडकीवर छपरी असेल तर तिथला एक पत्रा काढून पारदर्शक पॉलिकार्बोनेटचा घाला. पाऊस अडतो, उजेड येतो. परड्यावरच्या पत्र्याचंही हेच. पूर्ण पत्रा काढायची गरज नाही, स्वयंपाकघराच्या दारावरची एक-दोन पानं बदलली की पुरतं. घेताना अतिनील किरणांपासून बचावाचा थर असलेलं पान मागा आणि तो थर असलेली बाजूच वर ठेवा. ही बाजू खुणेच्या कागदावर लिहिलेली असते, आणि बसवणारा घाईत तो कागद आधी फाडतो. थर नसला किंवा बाजू उलटी बसली, तर काही वर्षांत पान पिवळं पडतं.

रंग: आधी छत

रंगवायचं म्हटलं की सगळे भिंतींपासून सुरुवात करतात. लहान खोलीत सुरुवात छतापासून व्हायला हवी. खिडकीतून आलेला उजेड फरशीवर आपटून वर जातो, आणि छत पांढरं असेल तरच आत खोलवर परत उतरतो. ताजा पांढरा चुना किंवा पांढरा रंग पडलेल्या उजेडातला ८० टक्क्यांच्या आसपास परत फेकतो. फिका पिवळा किंवा फिका मोतिया जरा कमी. जुनाट हिरवा-निळा ऑइलपेंट त्याच्या निम्मा. धुरानं काळवंडलेली तक्तपोशी, म्हणजे लाकडी फळ्यांचं छत, जवळपास काहीच नाही. चुन्यात नीळ घालायची सवय असेल तर ती चिमूटभरच ठेवा.

कौलारू घरात चुलीच्या काळातला धूर वाशांवर आणि कौलांच्या पोटाला बसलेला असतो. तिथं वाशांच्या खालून पांढरे सिमेंट बोर्ड मारले तर उजेड वाढतो आणि उन्हाळ्यात वरची धगही कमी लागते. फक्त खोलीची उंची जास्त खाऊ नका, आणि कौलं फुटली तर वर हात जाईल अशी एक जागा उघडती ठेवा. तक्तपोशी चांगल्या सागवानाची असेल तर पांढरी करायला जीव होत नाही, हे मान्य. मग ती धुऊन-पुसून घ्या आणि भिंतींवर भर द्या.

भिंतींत पहिला मान खिडकीसमोरच्या भिंतीला आणि खिडकीच्या दोन्ही बाजूंच्या आतल्या कडांना. जुन्या घरांत भिंतीची जाडी दीड-दोन फूट असते, त्यामुळे या कडा म्हणजे रुंद फळ्याच असतात. त्या पांढऱ्या असल्या की खिडकीच मोठी झाल्यासारखी वाटते. रंग मॅट घ्या. चकचकीत रंगात दिव्याचं बिंब उठतं आणि भिंतीचा प्रत्येक खड्डा दिसतो. शहाबादी फरशी काळपट असते. ती बदलायची नसेल तर खिडकीजवळच्या भागावर फिक्या रंगाची चटई टाकली तरी फरक पडतो.

आता एक उपाय, जो फार कमी लोक करतात आणि जो मला या सगळ्यात स्वस्त वाटतो. बोळापलीकडच्या शेजाऱ्याची भिंत रंगवून द्या. तुमच्या खिडकीला आभाळ दिसत नाही, समोरची भिंत दिसते. ती शेवाळलेली काळी असेल तर तुम्हाला काळा उजेड, पांढरी असेल तर पांढरा. शेजाऱ्याला सांगायचं, "दादा, तुमची या बाजूची भिंत आमच्या खर्चानं रंगवून देतो." कोण नाही म्हणेल? डक्टकडे खिडकी असलेल्या फ्लॅटवाल्यांनी सोसायटीच्या बैठकीत डक्टच्या आतल्या भिंती पांढऱ्या करायचा विषय काढावा. तळमजल्याला त्याचा फायदा सगळ्यात जास्त.

रंगाआधी ओल बघा. २०१९ आणि २०२१च्या महापुरात ज्यांच्या घरात पंचगंगा शिरली, त्या दुधाळी किंवा शाहूपुरी कुंभार गल्लीसारख्या भागांतल्यांना हे सांगायला नको. मातीच्या किंवा विटा-मातीच्या भिंतीवर प्लास्टिक पेंट मारला तर आतली ओल बाहेर पडत नाही, पापुद्रे सुटतात, लोणा धरतो आणि वर्षाच्या आत भिंत पुन्हा काळी होते. अशा भिंतीला चुनाच बरा, कारण तो भिंतीला श्वास घेऊ देतो. भिंत सुकली की नाही हे बघायला प्लास्टिकच्या कागदाचा फूटभर चौकोन चारी बाजूंनी चिकटपट्टीनं लावून दिवसभर ठेवा. आतल्या बाजूला दव जमलं तर अजून थांबा.

आरशाबद्दल थोडं. "आरसा लावा, खोली उजळते" हे सगळे सांगतात, कुठं लावायचा ते सांगत नाहीत. आरसा जे बघतो तेच परत देतो. कपाटासमोर लावला तर दोन कपाटं दिसतात. खिडकीला लागून असलेल्या बाजूच्या भिंतीवर लावून बघा, आणि आत बसल्यावर त्यात आभाळ दिसतं का ते तपासा. दिसत असेल तिथंच खिळा मारा.

माजघराला वाटणी

पुढच्या सोप्यात उजेड आहे आणि माजघरात नाही, तर मधली भिंत त्याला अडवते. ती पाडायची नाही, कारण जुन्या घरात बऱ्याचदा तीच तुळया पेलते. तिला फोडायचं असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. गवंडी "काय होत नाही" म्हणाला, एवढ्यावर जाऊ नका.

पण दाराला हात लावता येतो. भरीव फळ्यांच्या दाराऐवजी वरच्या अर्ध्या भागात काच असलेलं दार, किंवा दाराच्या चौकटीवर काचेची झडप. झडप डोळ्यांच्या वर असल्यानं आडोसा जात नाही, आणि छताला लागून असल्यानं उजेड आत लांब जातो. प्लायची किंवा कपाटांची आड असेल तर तिचे वरचे दीड-दोन फूट मोकळे सोडा किंवा काच घाला. नवी विटांची आडभिंत बांधत असाल तर तिच्यात काचेच्या विटांची एक ओळ. जिना लाकडी असेल तर दोन पायऱ्यांमधल्या उभ्या फळ्या काढून टाका, वरचा उजेड खाली झिरपतो. लहान मुलं असतील तर मात्र तिथं जाळी बसवा.

छतातून

वरचा मजला तुमचा असेल, किंवा घर एकमजली कौलारू असेल, तर तुम्ही नशीबवान. इथं थोडं थांबून बोलायला हवं, कारण कोल्हापूरच्या हवेला हाच उपाय सगळ्यात लागू पडतो.

जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत इथं आठवडेच्या आठवडे सूर्य दिसत नाही, आभाळ नुसतं करडं. अशा पूर्ण ढगाळ आभाळात डोक्यावरचा भाग क्षितिजाजवळच्या भागापेक्षा साधारण तिप्पट उजळ असतो. भिंतीतली खिडकी क्षितिजाकडे बघते, छतातलं भोक डोक्यावर. म्हणजे घर सर्वांत अंधारं असतं त्याच दिवसांत छतातला हातभर झरोका भिंतीतल्या मोठ्या खिडकीला भारी पडतो, आणि समोरच्या इमारतीचा अडथळाही त्याला नसतो.

कौलारू छपरात हे सोपं आहे. मंगलोरी कौलांच्या मापाची काचेची कौलं मिळतात, तसाच आकार, तशीच खाच. एका कौलाचा उघडा राहणारा भाग पाऊण चौरस फुटाच्या आसपास भरतो. १० बाय १० फुटांच्या खोलीला तीन-चार कौलं, म्हणजे फरशीच्या तीनेक टक्के, एवढं पुरतं. दहा-बारा लावू नका, एप्रिलमध्ये घर भट्टी होईल. चारही एका ओळीत न लावता दोन-दोन अशी विखरून लावा. एक जोडी माजघराच्या मधोमध, दुसरी आतल्या भिंतीपासून दोन-तीन फुटांवर, म्हणजे उजेड भिंतीवर पडून पसरेल. रीप, म्हणजे कौलांखालची आडवी लाकडी पट्टी, जिथं येते तिथं काच ठेवून उपयोग नाही, हे वर चढायच्या आधी खालून बघून घ्या.

खाली बोर्ड किंवा तक्तपोशी असेल तर काचेच्या कौलाखाली तेवढाच चौकोन कापावा लागतो, आणि कौल ते चौकोन यामधल्या पोकळीला चारही बाजूंनी पांढरी पेटी करावी लागते. पेटी खालच्या अंगाला थोडी रुंद केली तर उजेड जास्त पसरतो. ती नसली तर अर्धा उजेड माळ्यातच राहतो, आणि उंदीर खाली डोकावतात ते वेगळंच.

काम शाकारणीबरोबर करून घ्या, म्हणजे मृगाच्या आधी. माणूस छपरावर आलेलाच असतो, फुटकी कौलं बदलायचीच असतात. पावसाळ्यात छप्पर उघडू नका.

उन्हाचं काय? कोल्हापूर १६.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो, आणि मधल्या काळात तो चक्क उत्तरेकडे झुकलेला असतो. म्हणून "झरोका उत्तरेच्या उतारावर ठेवा, ऊन येणार नाही" हा सल्ला मे महिन्यात इथं चालत नाही. थंडीत मात्र चालतो, तेव्हा सूर्य दक्षिणेला असतो आणि डिसेंबरच्या दुपारी ५० अंशांच्या आसपासच चढतो. ऑगस्टचं ऊन ढग अडवतात, राहिला मे. त्यावर उपाय: मार्च उजाडला की काचेच्या कौलांवर पातळ चुन्याचा हात मारायचा. उन्हाची धार मोडते, मऊ पांढरा उजेड आत येतो आणि पावसाच्या सरींत तो चुना बराचसा आपोआप धुऊन जातो. ते जमत नसेल तर आतून खालच्या बाजूला सरकतं पांढरं कापड.

पत्र्याच्या छपरात एखादं पारदर्शक पान घालणं सोपं. त्याची नळी बाकीच्या पत्र्याशी जुळली पाहिजे, म्हणून जुन्या पत्र्याचा तुकडा किंवा माप सोबत न्या. स्क्रूखाली रबरी वॉशर आणि वरच्या जोडाला पुरेशी चढण, गळती टळते ती यावरच. प्लास्टिकच्या बाटलीत पाणी आणि थोडं ब्लीच भरून ती पत्र्यात बसवायची युक्तीही तुम्ही पाहिली असेल. ब्राझीलच्या आल्फ्रेदो मोझेर या मेकॅनिकनं २००२मध्ये ती काढली, आणि २०११पासून फिलिपाइन्समध्ये ती घरोघर गेली. दोन लिटरची एक बाटली भर उन्हात ४० ते ६० वॉटच्या जुन्या पिवळ्या बल्बएवढा उजेड देते. न्हाणी, गोठा, अडगळीची खोली यांना झकास. पण कोल्हापूरच्या पावसात भोकाभोवतीचं सीलंट दरवर्षी बघावं लागतं, आणि उन्हानं बाटली ठिसूळ होते. राहत्या खोलीला मी पत्र्याचं पारदर्शक पानच सुचवेन.

स्लॅबचं घर असेल तर जपून. स्लॅबमध्ये सळ्या कुठं आहेत ते वरून दिसत नाही. इंजिनिअरच्या सल्ल्याशिवाय हिल्टी, म्हणजे काँक्रीट फोडायचं मशीन, लावायची नाही. भोक पाडता येत असेल, तर त्याभोवती स्लॅबच्या वर सहा-नऊ इंचांची कड उभारून, वर टफन लॅमिनेटेड काच उतारानं बसवायची. सांगाडा उद्यमनगरात कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडून हव्या त्या मापाचा करून मिळतो. माप देताना काचेची कड चौकटीबाहेर इंचभर लोंबेल असं द्या, म्हणजे पाणी आत ओढलं जात नाही. आतून चकचकीत असलेली गोल नळी छतातून खोलीत आणायची, हाही पर्याय आहे. ती सरळ आणि आखूड असेल तेवढी बरी, प्रत्येक वळणावर उजेड कमी होतो. या सगळ्यापेक्षा स्वस्त म्हणजे जिन्याची टोपी. गच्चीवर उघडणाऱ्या त्या खोलीच्या भिंतीत काचा घाला, पत्र्याच्या दाराऐवजी काचेचं दार लावा, आतून पांढरा रंग द्या. जिना उजेडाची विहीर होतो.

एक कायद्याची गोष्ट. सामाईक भिंतीत परस्पर खिडकी काढू नका, ते भांडणाचं मूळ आहे. बाकी भिंतींत नवी खिडकी काढतानाही आधी महापालिकेच्या नगररचना विभागात विचारा. उलट बाजूनं, तुमच्या इमारतीच्या खिडकीतून २० वर्षं विनाअडथळा, हक्कानं उजेड येत असेल, तर १८८२च्या ईझमेंट कायद्याच्या कलम १५नुसार तो उजेड तुमचा हक्क ठरू शकतो. शेजारी अगदी खिडकीला लागून भिंत उठवू लागला, तर जुने फोटो आणि जुना नकाशा घेऊन लवकर वकिलाकडे जा. भिंत उभी राहिल्यावर काम अवघड होतं.

आता दिवे

एवढं करूनही रेघेच्या पलीकडे दिवे लागणारच, आणि रात्र तर सगळ्यांनाच असते. खोक्यावर वॉट बघू नका, ल्युमेन बघा, म्हणजे दिवा एकूण किती उजेड देतो ते. चांगला एलईडी वॉटला १००च्या आसपास ल्युमेन देतो: ९ वॉटचा बल्ब ८००-९००, चार फुटी २० वॉटची पट्टी २,०००. १० बाय १०च्या फिक्या रंगाच्या खोलीत एक पट्टी लावली तर त्यातला साधारण निम्मा उजेड टेबलाच्या उंचीवर पोचतो, म्हणजे १०० लक्स. वावरायला ठीक. वाचायला, शिवायला, भाजी चिरायला ३००च्या आसपास हवेत. ते छतावरून आणायचे तर तीन पट्ट्या लागतील आणि खोली दुकानासारखी दिसेल. दिवा कामाजवळ आणा. गुजरीत सोनाराच्या पेढीवर बघा, वर कितीही झगमगाट असला तरी कारागिराचा दिवा हातभर अंतरावर असतो. ५ वॉटचा टेबललॅम्प पानापासून दीड फुटावर ठेवला की काम झालं.

ओट्यासाठी: वरच्या फळीच्या खाली, पुढच्या कडेला, दोन फुटी १० वॉटची पट्टी. मागच्या भिंतीला लावली तर टाइल्स उजळतात आणि चिरायची पाटी अंधारातच राहते. पुढच्या कडेला लाकडाची बारीक पट्टी ठोकली की डोळ्यावर येत नाही.

पांढरा की पिवळा, यावर घरोघर वाद असतात. उजेडाची छटा केल्विनमध्ये लिहितात, आकडा जास्त तेवढा उजेड निळसर. ६५०० केल्विनचा निळसर पांढरा आपल्याकडे बराच खपतो, आणि लहान खोलीत रात्री तो दवाखान्यासारखा वाटतो. मी ओटा आणि अभ्यासाला ४०००, बसायच्या-झोपायच्या जागी ३००० घेईन. त्याहून महत्त्वाचं म्हणजे रंग खरे दिसणं. त्याचा १०० पैकी आकडा खोक्यावर सीआरआय म्हणून लिहिलेला असतो, ८०च्या खाली घेऊ नका, ओट्यासाठी ९० मिळाला तर उत्तम. दुकानात तपासायचं असेल तर कांदा-लसूण चटणीची पुडी सोबत न्या. चांगल्या दिव्याखाली ती लालभडक दिसते, वाईट दिव्याखाली विटकरी. ज्या दिव्याखाली तांबड्या रश्श्याचा कट ओळखू येत नाही, तो दिवा कोल्हापुरात काय कामाचा?

दिवा लुकलुकतो का हे मोबाइलच्या स्लो-मोशन व्हिडिओत दिसतं. पट्टे किंवा उघडझाप दिसली तर परत करा, अशा दिव्याखाली डोकं दुखतं. दिवा पूर्ण बंद काचेच्या गोळ्यात घालू नका, आतली गरमी बाहेर पडत नाही आणि तो लवकर जातो.

घरात साठीच्या पुढची माणसं असतील तर त्यांच्यासाठी वेगळा हिशोब. विशीतल्या डोळ्याच्या पडद्यावर जेवढा उजेड पोचतो, त्याच्या साधारण एक-तृतीयांशच साठीत पोचतो. म्हणून त्यांच्या खुर्चीजवळ, जिन्याच्या पहिल्या आणि शेवटच्या पायरीशी, आणि पलंगापासून न्हाणीपर्यंतच्या वाटेवर वेगळे छोटे दिवे. पायरीच्या कडेला पांढरी पट्टी रंगवली तर आणखी चांगलं.

बिलाची भीती नको. २० वॉटची पट्टी रोज सहा तास चालली तर महिन्याला साडेतीन युनिटांच्या आसपास. तांब्याच्या चोकची जुनी ट्यूब तेवढ्याच वेळात नऊ-दहा युनिट खाते. अजून ती लटकत असेल तर आधी ती उतरवा.

नवे पॉइंट काढताना जुन्या लाकडी पट्टीवरच्या वायरिंगला जोड देऊ नका. लाइटच्या सर्किटला १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, जास्त भार आला की बंद पडणारा ६ अँपिअरचा एमसीबी, आणि सगळ्या घराला वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. ओलसर भिंतीच्या घरात हा शेवटचा खर्च टाळू नका, तो जीव वाचवतो. अर्थिंग खरंच आहे का हे वायरमनकडून टेस्टरनं नव्हे, मीटरनं मोजून घ्या. पूररेषेत राहत असाल तर खालचे बोर्ड गेल्या पुराच्या खुणेच्या वर आणि तळमजल्याचं सर्किट वेगळं, म्हणजे पाणी चढू लागलं की तेवढंच बंद करून वर राहता येतं.

भाड्याच्या घरात छप्पर आणि भिंती हातात नसतात, पण रेघ, सामानाची हलवाहलव, काचा, अर्धा पडदा, आरसा, चटई आणि प्लगवर चालणारे दिवे हे सगळं करता येतं. ओट्यावरच्या फळीला पट्टी लावताना ड्रिलऐवजी दुहेरी चिकटपट्टी वापरा. आणि मालकाला एवढं विचारून बघा, चुना आम्ही आणतो, छताला हात मारला तर चालेल का? बहुतेक मालक हो म्हणतात, काही जण चुन्याचे पैसे भाड्यातून वळतेही करतात.